पद्मश्रीच्या पदकावर काय असतं?

पेठ गावातून, सातगाव पठारावरच्या वाड्यांतून आणि खाली जुन्नर-आंबेगावात जिथं जिथं आपलं केंद्र ऐकू येतं तिथून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आम्हा गटातल्या बायांचा नमस्कार. कुणी चुलीपुढं असाल, कुणी बटाट्याच्या वावरात. काम चालू राहू द्या, कान इकडं द्या.

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीहून एक यादी जाहीर होते. दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदन होतं आणि पेपरात ती यादी छापून येते. पद्मविभूषण अमुक, पद्मभूषण अमुक, पद्मश्री अमुक. यंदा आम्ही ती गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचली, तर वाचून होईपर्यंत प्रश्नांचा ढीग पडला. पद्मश्री म्हणजे हातात काय मिळतं? पैसे किती? तो देतं कोण? आणि आपल्या बाजूच्या बाईला तो मिळतो का? त्यातल्या जेवढ्यांची उत्तरं आम्हाला नीट मिळाली, तेवढी आज सांगतो.

आधी पैशाचं सांगून टाकू. पद्म पुरस्कारात एक रुपयाही नसतो. रेल्वेत सवलत नाही, विमानात नाही. राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्याची एक सनद, एक पदक आणि समारंभात लावायला त्याच पदकाची छोटी प्रतिकृती, एवढंच. सनद हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. वतनाच्या, इनामाच्या कागदांना आपण सनदच म्हणत आलो. फरक असा की त्या सनदेबरोबर जमीन यायची, हिच्याबरोबर फक्त नाव येतं. हे ऐकल्यावर बैठकीत दोघी-तिघींचा उत्साह तिथंच मावळला, ते आम्ही लपवत नाही.

आता हे सुरू कसं झालं ते बघू. इंग्रजांच्या राज्यात किताब असायचे. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर. किताब नावाला चिकटायचा आणि ज्याच्या नावाला चिकटला तो सरकारचा माणूस समजला जायचा. सगळेच किताब काही चाकरीचे नव्हते. लोकोपयोगी कामासाठी कैसर-ए-हिंद नावाचं पदक होतं आणि ते १९१९ साली आपल्या पंडिता रमाबाईंनाही मिळालं होतं. पण स्वातंत्र्य आल्यावर घटना लिहिताना हे किताबांचं प्रकरण बंद करायचं ठरलं. घटनेचं अठरावं कलम सांगतं की लष्करी आणि शिक्षणातला मान सोडला तर सरकार कुणालाही किताब देणार नाही. बाबासाहेबांच्या घटनेत सगळी माणसं सारखी, मग एकाच्या नावापुढं शेपूट आणि दुसऱ्याच्या नाही, हे बसणार कसं?

तरीही चांगल्या कामाची दखल देशानं घ्यावी असं वाटणारी माणसं होतीच. म्हणून २ जानेवारी १९५४ रोजी राष्ट्रपतींच्या नावानं जाहीर झालं की दोन सन्मान सुरू होत आहेत. एक भारतरत्न आणि दुसरा पद्मविभूषण. गंमत म्हणजे तेव्हा पद्मभूषण आणि पद्मश्री ही नावं नव्हती. पद्मविभूषणाचेच तीन वर्ग होते, पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि तिसरा वर्ग. रेल्वेच्या डब्यासारखे! तिसऱ्या वर्गाचा सन्मान, हे कानाला कसं लागतं बघा. वर्षभरात ते बदललं. ८ जानेवारी १९५५ला पहिल्याचं पद्मविभूषण, दुसऱ्याचं पद्मभूषण आणि तिसऱ्याचं पद्मश्री झालं. उतरंड तीच राहिली, शब्द मात्र गोड झाले.

आता पदकाकडं येऊ, कारण बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ त्याचीच चर्चा झाली. पद्म पदक गोल असतं, काशाच्या रंगाचं. पावणेदोन इंच रुंद आणि एक सूत जाड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, गवंडी-सुतारांच्या घरातल्या बायांना सांगायला नको. गोलाच्या आत चौकोनी रेषांची नक्षी आहे. मधोमध उठावाचं कमळ. कमळाच्या वर देवनागरीत ‘पद्म’ आणि खाली ‘विभूषण’, ‘भूषण’ किंवा ‘श्री’. पाठीमागं आपली राजमुद्रा, चार सिंहांची, आणि ‘सत्यमेव जयते’. फीत गुलाबी. विभूषणाची फीत साधी गुलाबी, बाकीच्या दोन्हींच्या फितीवर पांढऱ्या रेघा. कमळ बघून एकीनं लगेच विचारलं, हे पक्षाचं आहे का गं? नाही. हे पदक पन्नासच्या दशकातलं आहे. पद्म म्हणजेच कमळ, म्हणून पदकावर कमळ.

भारतरत्नाचं पदक वेगळं. सुरुवातीला ते गोल सोन्याचं करायचं ठरलं होतं, वर सूर्य कोरलेला. वर्षभरातच तो विचार बदलला आणि पदकाला पिंपळाच्या पानाचा आकार आला. सव्वादोन इंचांहून थोडं लांब, काशाच्या रंगाचं पान, त्यावर प्लॅटिनमचा सूर्य, किरणांसकट, आणि खाली देवनागरीत ‘भारतरत्न’. ते पांढऱ्या फितीत ओवून गळ्यात घालतात. आम्हाला हा बदल फार आवडला. सोन्याचं गोल नाणं कुठलाही राजा देऊ शकतो. पिंपळपान मात्र आपल्या दारातलं आहे, लहान लेकराच्या दागिन्यातलंही आहे. ही सगळी पदकं कोलकात्याच्या सरकारी टांकसाळीत घडतात.

त्याच टांकसाळीत सैनिकांची शौर्यपदकंही घडतात, आणि त्यांच्या मागं एका बाईचा हात आहे. ही गोष्ट आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हती, म्हणून थोडं थांबून सांगतो. लढाईतल्या पराक्रमासाठी देशाचं सर्वांत मोठं पदक म्हणजे परमवीर चक्र. त्याचं चित्र ज्यांनी काढलं त्यांचं नाव सावित्रीबाई खानोलकर. आडनाव आपल्याकडचं, पण माहेर स्वित्झर्लंडचं. १९१३ सालचा जन्म, वडील मूळचे हंगेरीचे आणि आई रशियाची. विक्रम खानोलकर नावाचा मराठी तरुण लष्करी शिक्षणासाठी विलायतेत होता, तेव्हा त्यांची ओळख झाली. ही मुलगी घरचा विरोध असताना हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली त्यांनी लग्न केलं. सासरचं नाव सावित्री. ती मराठी शिकली, हिंदी शिकली, संस्कृत शिकली, पुराणं वाचली. पुढं महाराष्ट्रातल्या संतांवर तिनं इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. स्वातंत्र्यानंतर नवी पदकं करायची वेळ आली तेव्हा लष्करातले मोठे अधिकारी हिरालाल अटल यांनी हे काम तिच्याकडं सोपवलं, कारण पुराणातल्या गोष्टी तिला तोंडपाठ होत्या.

तिनं काय निवडलं? दधीची ऋषींची गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे. असुर मरत नव्हता, तेव्हा दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या हाडांचं इंद्रानं वज्र केलं. परमवीर चक्रावर तीच चार वज्रं आहेत आणि मध्ये राजमुद्रा. मागच्या बाजूला पदकाचं नाव आणि दोन कमळं. फीत साधी जांभळी. दुसऱ्यासाठी स्वतःची हाडं देणारा ऋषी, आणि खाली फक्त काशाचा एक गोल. २६ जानेवारी १९५०ला हे पदक सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या पराक्रमांना लागू केलं गेलं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना, काश्मीरच्या लढाईत पडल्यानंतर. योगायोग असा की ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर होते. जे पदक तिनं कागदावर काढलं, ते पहिल्यांदा तिच्याच सोयऱ्यांच्या घरी गेलं. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्रही तिचीच. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं आहे, त्यात बाई एकही नाही.

नागरी पदकांत बाया आहेत, पण किती? भारतरत्न २०२४पर्यंत ५३ जणांना मिळालं. त्यात बाया पाच. इंदिरा गांधी, मदर तेरेसा, अरुणा असफ अली, एम. एस. सुब्बलक्ष्मी आणि आपल्या लताबाई. पाच नावं, एका हाताची बोटं.

पुन्हा त्या किताबाच्या मुद्द्यावर येऊ. ही पदकं म्हणजे मागच्या दारानं आणलेले किताबच नाहीत का, असा प्रश्न लोकांनी न्यायालयात नेला. त्याआधी १९७८ आणि १९७९ ही दोन वर्षं सरकारनंच पुरस्कार बंद ठेवले होते. मग न्यायालयातल्या वादामुळं १९९३ ते १९९७ या काळात ते दिले गेले नाहीत. १५ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हे सन्मान घटनेत बसतात, पण एका अटीवर. ते नावाच्या पुढं किंवा मागं लावायचे नाहीत. लावले तर तो पुरस्कार परत घेतला जाऊ शकतो. आता आपल्या एसटी स्टँडवरचे फ्लेक्स आठवा, सत्काराच्या पत्रिका आठवा. ‘पद्मश्री’ हा शब्द नावाआधी, आणि तोही नावापेक्षा मोठ्या अक्षरात! पुढच्या वेळी आपल्या गावात असा कार्यक्रम असेल तर पत्रिका छापणाऱ्याला तेवढं सांगा. नाव आधी लिहायचं, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘२०२० साली पद्मश्री पुरस्कार’ असं. तेवढं चालतं.

आता आपल्या बाजूच्या बाईला हा सन्मान मिळतो का, ते. जुन्नर तालुक्याची हद्द ओलांडली की पलीकडं अकोले तालुका लागतो. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. घरचं बी घरात ठेवायची आपली जुनी रीत त्यांनी सोडली नाही. भात, वाल, घेवडा, भाज्या यांचे गावठी वाण त्यांनी जमवले, जपले आणि दुसऱ्यांना वाटले. बाएफ या संस्थेची साथ मिळाली, बियाण्यांची बँक उभी राहिली, भोवतालच्या बायांचे गट जोडले गेले. २०२०च्या यादीत त्यांचं नाव आलं, आणि कोरोनामुळं समारंभ लांबून ८ नोव्हेंबर २०२१ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हातून त्यांनी पद्मश्री घेतला. त्याच यादीत नगर जिल्ह्यातलेच हिवरे बाजारचे पोपटराव पवारही होते, पाण्याच्या कामासाठी.

राहीबाईंनी केलं ते काम आपल्या आज्यांनी केलं नाही का? केलं. गाडग्यात राख घालून बी ठेवणाऱ्या बाया भीमाशंकराकडच्या प्रत्येक वाडीत होत्या, आपल्या पठारावरही होत्या. राहीबाईंनी ते सुटू दिलं नाही, वाढवलं, आणि त्याची नोंद झाली. त्यांचा मोठेपणा आम्ही एका तिळाएवढाही कमी करत नाही. पण त्या बाकीच्या बायांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत, हेही खरं.

इथं आम्हाला एक गोष्ट खटकते. पद्म पुरस्कार माणसाला मिळतो, गटाला मिळत नाही. लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढं त्यात हजारो बाया आल्या, सगळ्या मालकिणी, कुणी नोकर नाही. आपल्या बचत गटांनी ज्यांच्याकडं बघून धीर धरावा असं काम. २०२१ साली पद्मश्री मिळाला तो त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना. वय झालेलं होतं, मान योग्यच होता. पण पदकावर सात नावांना जागा नव्हती.

आणि त्याहून जुनं उदाहरण महर्षी कर्व्यांचं. विधवांसाठी १८९६ साली आश्रम काढला, १९१६ साली बायांचं विद्यापीठ काढलं. १९५५ साली त्यांना पद्मविभूषण आणि १९५८ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, भारतरत्न. आपल्या मुली आज कॉलेजात जातात त्यात या माणसाचा वाटा आहे. पण त्यांच्या बायकोचं, बाया कर्व्यांचं नाव आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? लहानपणी विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्या काळात पुनर्विवाह केला म्हणून लोकांचे बोल खाल्ले, संसार रेटला आणि नवऱ्याच्या संस्थांसाठी वर्गणी गोळा करत फिरल्या. हे पुरस्कार सुरू होण्याआधीच त्या गेल्या. त्यांचं काम आज कळतं, कारण त्यांनी ‘माझे पुराण’ या नावानं आपली हकिकत सांगून ठेवली.

गटाचं नाव कोरायची रीत मात्र आपल्याच मुलखात होती. जुन्नरच्या डोंगरांत लेणी आहेत. लेण्याद्रीला आपण गणपतीसाठी जातो, पायऱ्या मोजत चढतो आणि दर्शन घेऊन उतरतो. जुन्नरभोवतीच्या या लेण्यांत भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे. कुणी लेणं कोरायला दान दिलं, कुणी पाण्याचं टाकं दिलं, ते त्यात लिहिलं आहे. त्यात कारागिरांचे आणि व्यापाऱ्यांचे संघही आहेत, त्यांना श्रेणी म्हणत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं आणि टाकं दिल्याची नोंद आहे. बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्यांची श्रेणी आहे, त्यांच्याकडं ठेव म्हणून पैसे ठेवल्याचं लिहिलं आहे. म्हणजे बुरुडांचा आणि कासारांचा बचत गटच म्हणा! आणि नाणेघाटात तर नागनिका राणीचा लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले, किती गायी, किती घोडे, किती नाणी दिली, सगळं तिनं दगडावर उतरवून घेतलं. ती राणी होती, तिला ते जमलं. पण कासारांची श्रेणी काही राणी नव्हती.

आता कामाचं. पद्म पुरस्कारासाठी नाव कोण सुचवतं? पूर्वी राज्य सरकारं, मंत्री, खासदार, मोठमोठ्या संस्था सुचवायच्या. गेल्या काही वर्षांपासून कुणीही साधा नागरिक नाव सुचवू शकतो. तुम्ही दुसऱ्याचं नाव देऊ शकता, स्वतःचंही देऊ शकता. सगळं ऑनलाइन, ‘राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल’ या सरकारी वेबसाइटवर, पत्ता अवॉर्ड्‌स डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटची तारीख वर्षावर्षाला बदलते, म्हणून तिथंच बघावी, कुणाच्या सांगण्यावर राहू नये. सुचवलेली नावं पद्म पुरस्कार समितीपुढं जातात. ही समिती पंतप्रधान दरवर्षी नेमतात, तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात. समितीनं निवडलेली नावं पंतप्रधानांकडं आणि राष्ट्रपतींकडं जातात. वर्षाला जास्तीत जास्त १२०, त्यात मरणोत्तर आणि परदेशातली नावं धरलेली नाहीत. सरकारी नोकरीत असलेल्यांना मिळत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. आणि मेल्यावर सहसा देत नाहीत, फार विशेष कारण असेल तरच.

फी नाही. हे दोनदा सांगतो, फी नाही. मागं आमच्या गटाला एक फोन आला होता की तुमच्या अध्यक्षांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायचा आहे, नोंदणीचे आठ हजार भरा, दिल्लीला या, शाल-ट्रॉफी-फोटो मिळेल. नावात ‘राष्ट्रीय’ आणि ‘भारत’ असे शब्द होते. आम्ही भरले नाहीत. असा फोन आला तर ठेवून द्यायचा. देशाचा सन्मान पावती फाडून मिळत नाही.

अर्जात सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे त्या माणसाच्या कामाची हकिकत, जास्तीत जास्त ८०० शब्द. पदक कसं असावं ते दिल्लीत ठरतं. कुणाला द्यावं तेही दिल्लीत ठरतं. ८०० शब्द मात्र आपण लिहायचे. तिथं अनेक नावं बसू शकतात.

म्हणून आम्ही पठारावरच्या एका सुईण आजीची हकिकत लिहायला घेतली आहे. नाव रेडिओवर सांगत नाही, तिला आवडणार नाही. वय ऐंशीच्या पुढं. बाळंतपणं किती केली, विचारलं तर सांगता येत नाही. वही नाही, कागद नाही. सालही नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होतो तेव्हाची ती पोर’, ‘यात्रेच्या आदल्या रात्रीचा तो’, असा हिशोब. मग आम्ही शाळेची दोनशेपानी वही घेतली आणि घरोघर विचारायला लागलो. आईचं नाव, वाडी, साल, बाळ कोण आणि आता कुठं असतं. आतापर्यंत चौदा पानं भरली आहेत. एक बाळ तर आपल्या गटाचीच खजिनदार निघाली!

यावर गटात भांडणही झालं, तेही सांगायला हवं. आमच्यातली आशाताई म्हणाली, सुईणीचा एवढा गौरव केलात तर पोरी म्हणतील घरीच बाळंत होऊ, आणि मग जीव कुणाचे जातील? तिचं म्हणणं बरोबर आहे. आज बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवं, यात आमच्यात दुमत नाही. पण आजी ज्या काळात हे करत होती तेव्हा मंचरला न्यायला गाडी नव्हती आणि पावसाळ्यात रस्ताही नव्हता. आम्ही आजीलाच विचारलं, अडलेली बाई आली तर काय करायचीस? ती म्हणाली, ‘‘आडवं मूल असलं की मी हात लावीत नव्हते. दुधाच्या गाडीत घालून पाठवीत होते, संगती जात होते.’’ आशाताईनंच ते वहीत लिहिलं. आपला हात कुठं थांबवायचा हे कळणं, ही आमच्या मते ८०० शब्दांतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे.

पदकाचं चित्र आम्ही आजीला मोबाइलवर दाखवलं. तिनं विचारलं, ‘‘ह्याचं करायचं काय? गोधडीत ठेवायचं?’’ मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, ‘‘लिहायचंच असलं तर एकटीचं नका लिहू. कंदील धरायला कोण होतं, पाणी तापवायला कोण होतं, त्यांची बी नावं घाला. एकटीनं बाळंतपण होत नसतं.’’ त्या नावांची यादी तिला पाठ होती. सालं आठवत नव्हती, पण नावं एकेक करून सांगितली.

पद्मश्रीच्या नियमात ‘उल्लेखनीय सेवा’ असे शब्द आहेत. आजीचं काम उल्लेखनीय ठरेल का, ते समिती ठरवेल. देशभरातून नावं जातात, आपलंच निवडतील असं कुणी धरून बसू नये, आम्हीही धरलेलं नाही.

तेव्हा पेठ, पारगाव, कुरवंडी, कोल्हारवाडी, भावडी, थुगाव, कारेगाव आणि भोवतालच्या वाड्यांतल्या मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी या आजीच्या हातचं असेल तर चार गोष्टी लिहून गटाकडं द्या. बाळंतिणीचं नाव, वाडी, अंदाजे साल, आणि त्या रात्री घरात मदतीला कोणकोण बाया होत्या. साल आठवत नसेल तर त्या वर्षी काय झालं होतं ते लिहा, साल आम्ही शोधू. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. आणि तुमच्या वाडीत दुसरी कुणी अशी बाई असेल, बी राखणारी, झाडपाला ओळखणारी, हिरड्याचा भाव मिळावा म्हणून भांडणारी, तर तिच्यासाठी वेगळी वही करा. शंभर पानी पुरते. शनिवारी बाजाराच्या वेळी आम्ही नेहमीच्या जागी बसलेल्या असू.